शेवटाआधी थांबवायचा सिनेमा

३ जानेवारी, शनिवार

वही मिळून पंचवीस दिवस झाले. आज पहिलं अक्षर! रोज ठरवायचो, आज लिहू. मग पेन सापडायचं नाही. पेन सापडलं की चहा. चहाला खाली उतरलं की खालच्या कारखान्यात पत्र्याच्या पेट्या ठोकत असतात, त्या बघत उभा. एक माणूस पेटीच्या कोपऱ्यावर अशी काही हातोडी मारतो की तीन ठोक्यांत कोपरा गोल. तासभर गेला. असे पंचवीस दिवस.

वही विनयाताईंनी दिली. ‘तू ग्रुपमध्ये बोलत नाहीस. तर लिही. मला दाखवायचं नाही. मतलब, कोणालाच नाही.’ त्यांचे वडील बँकेत होते, बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे ताईंचं मराठी थांबत थांबत, हिंदीचा टेकू घेत चालतं. त्या मानसोपचार करतात. गोळ्या देत नाहीत, माणसाला बोलतं करतात. सी-स्कीममध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मी त्यांचा पेशंट नाही. (नाहीच!) मी शनिवारी चार वाजता प्रोजेक्टर लावतो, पडदे ओढतो, खुर्च्या मांडतो. पॉलिटेक्निक अर्धवट सोडलंय, पण वायरी कळतात.

शनिवारचा ग्रुप म्हणजे सहा-सात माणसं आणि एक सिनेमा. नेहमी अंतराळ, यंत्रमानव, पुढची शतकं, असलंच काहीतरी. मी विचारलं होतं, घरगुती सिनेमा का नाही? तर म्हणाल्या, ‘घरातलं दाखवलं की लोक लगेच म्हणतात, आमच्याकडे असं नाही. गुरू ग्रहावर कोणाचंच घर नाही ना. तिथे सगळे मोकळे बोलतात.’

नियम दोन. स्वतःबद्दल बोलायचं नाही, फक्त पात्राबद्दल. आणि शेवटाआधी सिनेमा थांबवायचा. मग प्रत्येकाने सांगायचं, पुढे काय व्हावं. सगळ्यांचं बोलून झालं की खरा शेवट पुढच्या शनिवारी. ‘शेवट आधी दिसला की लोक सिनेमावाल्याचं ऐकतात, स्वतःचं नाही.’ थांबवायचं बटण माझ्याकडे.

सध्याचा सिनेमा जुना, परदेशी. गुरूच्या एका चंद्राजवळ एक माणूस चौकीवर एकटा. पृथ्वीवरून त्याला निरोप जातात. तो हळूहळू उत्तरं द्यायचं बंद करतो. पृथ्वीवाले पाठवतच राहतात. कॅमेरा आता फक्त पृथ्वीवर, त्यामुळे तो आहे का गेला, कळत नाही. लई संथ.

आज सदाशिवकाका बोलले. काका विमा कंपनीतून रिटायर झालेले, मूळ वर्ध्याचे, राहतात मुरलीपुऱ्यात, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या. खुर्चीच्या टोकावर बसून, ऑफिसात मीटिंग असावी तसे म्हणाले, ‘चूक कंट्रोल रूमची आहे. माणूस म्हणते झोप येत नाही, आणि हे म्हणतात तापमानाचा रिपोर्ट पाठवा! आधी विचारा ना बापा, जेवला का!’ सगळे हसले. कीर्ती (पुण्याची, आयटीतली, नेहमी स्वेटरच्या बाहीत हात लपवून बसते) जास्तच हसली आणि मग डोळे पुसले.

माझी पाळी आली. मी म्हटलं, ‘पास.’

परतताना काका मला स्कूटरवर घेतात. चौमू पुलियाच्या सिग्नलला थांबलो होतो. हेल्मेटच्या आतूनच बोलायला लागले. तीन वर्षांपूर्वी मुलाचा, गंधारचा, बंगळूरहून फोन. ‘बाबा, सकाळी उठवत नाही. काही वाटतच नाही मला. डॉक्टरकडे जाऊ का?’ आणि काका म्हणाले होते, ‘नाटकं बंद कर. आपल्या घरात असलं नसते.’ त्यानंतर फोन नाही. नंबर बंद, जुन्या घरमालकालाही पत्ता माहीत नाही. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊला काका त्याला मेल लिहितात. उत्तर एकदाही नाही. ‘पण मेल परत येत नाही, सर्जेराव. म्हणजे पत्ता चालू आहे.’

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. काका निघेनात.

४ जानेवारी, रविवार

नऊ वाजले. काका बसले असतील लिहायला. काल रात्री घरी नेऊन मला मागचा मेल दाखवला होता: ‘विषय: गच्चीवरील टाकी दुरुस्त केल्याबाबत. संदर्भ: माझा मागील रविवारचा मेल.’ रमाकाकू ओरडत होत्या, ‘मुलाला लिहिता का झोनल ऑफिसला?’ खाली शेवटी एकच ओळ वेगळी: ‘जेवत जा.’

६ जानेवारी

आईचा मेसेज, ‘कुठे आहेस?’ मी अंगठा पाठवला. कुठेचं उत्तर अंगठा!

१० जानेवारी, शनिवार

लिहू की नको.

आज थांबवायचा दिवस होता. एक तास बारा मिनिटांवर. ताईंनी कागदावर लिहून दिलं होतं, मी लॅपटॉपला चिकटवलं होतं. बाहेर सगळीकडे पतंग. संक्रांत चार दिवसांवर, पण इथे पोरं आठवडाभर आधीपासूनच छतांवर असतात. ताईंचा फोन वाजला. त्या मध्ये फोन घेत नाहीत कधी. आज घेतला आणि जिन्यात गेल्या. मी एकटा होतो बटणाजवळ.

गॅलरीत फडफड झाली. कबुतर. मांजा पंखात गेलेला, एक पाय वर बांधल्यासारखा. मी गेलो. फक्त बघायला. मग बघितल्यावर सोडवायला. मांजाला काच लावलेली, घाई केली की पंख कापतो. खिशात नेलकटर होतं, एक एक पीळ कापत बसलो. वेळ गेला कुठे कळलं नाही. मला कधीच कळत नाही! शेवटचा पीळ सुटला आणि ते उडून समोरच्या बँकेच्या छपरावर बसलं. मला इतका आनंद झाला. आतल्यांना सांगायला वळलो.

आत शेवट चालू होता.

सुटकेचं यान चौकीवर पोचलेलं. दार उघडलं. आत कोणी नाही. खुर्ची रिकामी, धूळ बसलेली, कित्येक वर्षांची. आणि भिंतीतल्या स्पीकरमधून पृथ्वीवरचे सगळे निरोप एकामागून एक वाजतायत. रिकाम्या खोलीत. बाईचा आवाज म्हणतोय, आम्ही इथे आहोत, आम्ही ऐकतोय. मग नावं आली.

मी बटण दाबलं. नावांवर!

काका उठले. मफलर नीट गुंडाळला. मला वाटलं पाणी प्यायला. दाराशी थांबून म्हणाले, अगदी साध्या आवाजात, ‘म्हणजे ऐकायला कोणी नव्हतंच राहिलं.’ आणि जिना उतरून गेले. ताई जिन्यातच होत्या, त्यांच्या बाजूने गेले. ताईंना वाटलं मधली सुट्टी झाली.

आज मी चालत आलो. सीकर रोडपर्यंत चालत.

११ जानेवारी, रविवार

नऊ वाजता काकांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. त्यांची कॉम्प्युटरची खिडकी रस्त्याकडे आहे. पडदा बंद होता. साडेदहापर्यंत बंद.

१३ जानेवारी

आज काकांकडे जाऊन सांगणार होतो. आंघोळ करून, शर्ट घालून निघालो. आणि ई-रिक्षात बसलो ते उलट्या दिशेला. चांदपोलला उतरून चारदीवारीत, जुन्या शहरात, घुसलो. पतंगांचा बाजार, मग लाखेच्या बांगड्या करणारी एक बाई. निखाऱ्यावर लाख मऊ करून लाकडाच्या दांड्यावर वळते, एवढी गरम लाख आणि बोटं उघडी. विचारलं, भाजत नाही? ‘भैया, पहले भाजतं होतं, अब उंगली भूल गई.’ (तिचं हिंदी-मारवाडी मी मराठीत वाकडं करून ठेवलं. असो.) मी तीन तास तिथे.

खरं म्हणजे घाबरलो होतो. बांगड्या बघत नव्हतो.

१७ जानेवारी, शनिवार

काका आले नाहीत. ताईंनी फोन केला होता. ‘तब्येत बरी आहे, आता यायची गरज नाही’, एवढंच. त्यांची खुर्ची मी मांडली होती. उचलून ठेवावी का नाही कळेना, तशीच राहिली.

सगळे गेल्यावर मी ताईंना म्हटलं, मला काढून टाका. त्या वायर गुंडाळत होत्या. माझं काम, पण करत होत्या.

‘तू पाखरू सोडवत होतास. मी फोन घेतला. नियम माझा होता, मी मोडला. चूक माझी आधी.’

‘पण काकांचं काय?’

‘त्यांना वाटतंय की सिनेमाने त्यांना उत्तर दिलं. तो माणूस गंधार नाही, हे मी फोनवर सांगून फायदा नाही. मतलब, डोक्याला माहीत आहे त्यांच्या.’ वायर कपाटात ठेवली. ‘मी उद्या त्यांच्या घरी जाते.’

१८ जानेवारी, रविवार

ताई जाऊन आल्या. काकांनी चहा पाजला, हवापाण्याचं बोलले, दारापर्यंत सोडायला आले. मेलचं नाव काढलं की म्हणाले, ‘फाइल बंद केली मॅडम.’ काकू मागे उभ्या राहून रडत होत्या म्हणे.

२० जानेवारी

एक वाईट गोष्ट केली. म्हणजे करता करता राहिलो. गंधारच्या नावाचा एक मेल-आयडी उघडला. लिहिलं: ‘बाबा, तुमचे मेल मिळतात. मी बरा आहे.’ काकांचा पत्ता टाकला. बोट बटणावर. मग वाटलं, काका लगेच उत्तर देतील. विषय, संदर्भ, सगळं घालून. मग मी काय करू? पुढच्या रविवारी गंधार, त्याच्या पुढच्या रविवारी गंधार? मी आयुष्यात एक गोष्ट धड दोन महिने केलेली नाही.

खोडलं. आयडीसकट.

२४ जानेवारी, शनिवार

आज मी बोललो. ठरवून नाही. ताई म्हणाल्या, ज्यांचं त्या सिनेमाबद्दल बोलायचं राहिलंय त्यांनी बोला. कीर्ती म्हणाली, ‘मला त्याचा राग येतो. एक शब्द पाठवायला काय जातं? मेला असेल तर ठीक, पण आधी तर जिवंत होता ना!’

आणि माझ्या तोंडून आलं, ‘शब्द सुचत नाही म्हणून राहतं.’

सगळे बघायला लागले. मग थांबता येईना. म्हटलं, पहिल्या दिवशी तो ठरवतो, नीट मोठं उत्तर देऊ, आज नको. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं द्यायचं असतं. महिन्याने महिन्याचं. मग नुसतं ‘बरा आहे’ लिहायची लाज वाटते, एवढ्या दिवसांनी एवढंसं? आणि निरोप आला की छातीत धस्स होतं. पण नाही आला तर त्याहून वाईट. तो चौकीवर बसून निरोपाचीच वाट बघत असणार. उत्तर देत नाही म्हणजे ऐकत नाही असं नाही.

कीर्ती म्हणाली, ‘हे सिनेमात नाहीये.’

‘कॅमेरा तिकडे नव्हता,’ मी म्हटलं.

ताई माझ्याकडे बघत होत्या. पात्राबद्दलच बोललो मी. नियम मोडला नाही.

काकांची खुर्ची रिकामी. त्यांच्यासमोर बोलायला हवं होतं हे सगळं. महिन्याभरापूर्वी.

२५ जानेवारी, रविवार

पडदा बंद. तिसरा रविवार.

२७ जानेवारी

गेलो शेवटी.

रमाकाकूंनी दार उघडलं. ‘ये रे बाबा. तू तरी बोल त्यांच्याशी. पेपर वाचत नाहीत, बीपीची गोळी हातात द्यावी लागते. काल पोहे केले तर म्हणे कांदा काऊन नाही. कांदा होता त्यात! दिसलाच नाही त्यांना.’

काका गच्चीवर उन्हात, माकडटोपी घालून, हातात काहीच नाही. नुसते बसलेले. मला बघून म्हणाले, ‘या, सर्जेराव! सरदार आले!’ पण चेहरा तसाच.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बटण माझ्याकडे होतं. कबुतर होतं. तुम्ही शेवट बघायला नको होता. माझ्यामुळे बघितलात.

काकांनी समोरच्या टाकीकडे बघितलं.

‘कबुतर जगलं का?’

‘उडालं काका.’

‘मग ठीक आहे.’

‘ठीक नाही! तुम्ही मेल थांबवलात.’

‘तुझ्यावर नको घेऊ. शेवट होताच ना बापा त्यात. तू थांबवला असता म्हणून नसता थोडाच.’

मग मी ग्रुपमध्ये बोललो ते सगळं पुन्हा सांगितलं. नीट जमलं नाही. तिथे आपोआप आलं होतं, इथे शब्द शोधत होतो. आईचं सांगितलं. दोन वर्षं घरी गेलो नाही, तिचा प्रत्येक मेसेज चार चार वेळा वाचतो आणि अंगठा पाठवतो. काका ऐकत होते. पहिल्यांदा माझ्याकडे वळून.

‘हे तू तिथे काऊन नाही बोलला? दर वेळी पास, पास!’

‘भीती वाटायची.’

‘कशाची?’

‘तुम्ही विचाराल, मग आईला फोन का करत नाहीस.’

हसले. म्हणजे ओठ हलले. मग म्हणाले, ‘तू म्हणते ते खरं असू शकते. पण तो आहे असं धरून तू बोलून राहिला. तीन वर्षं झाली. मी त्याला नाटकं म्हणालो, सर्जेराव. तो विचारत होता डॉक्टरकडे जाऊ का. परवानगी मागत होता. पंचवीस वर्षांचा मुलगा, बापाची परवानगी! आणि मी अर्ज नामंजूर केला. त्या रात्री त्यानं काय केलं असेल, हे मी रोज—’

टोपी काढून पुन्हा घातली.

‘मेल परत येत नाही काका. तुम्हीच म्हणता.’

‘चौकीवरही निरोप वाजतच होते की.’

ऊन टाकीच्या मागे गेलं. काकूंनी खालून हाक मारली, चहा थंड होतोय. काका उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. हात किती हलका झालाय! पायरी उतरताना म्हणाले, ‘लिहायचं म्हटलं तरी आता काय लिहू? टाकी दुरुस्त झाली. विषयच उरला नाही.’

मी म्हटलं, विषय न घालता लिहा.

‘विषय नसला की पत्र कुठल्या फाइलला लावायचं?’ थट्टा नव्हती. खरंच विचारत होते.

१ फेब्रुवारी, रविवार

पडदा बंद. दहा वाजता काकू बाहेर आल्या, मला गल्लीत उभा बघून आत बोलावलं. आम्ही तिघांनी पोहे खाल्ले. कॉम्प्युटरवर टॉवेल पांघरलेला.

३ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ

काकांच्या स्वयंपाकघरातून लिहितोय.

गॅसचा पाइप बदलायला आलो होतो. बेल वाजली, दार मी उघडलं. एक मुलगी, पाठीवर सॅक, विमानतळावरून थेट आलेली. ‘सदाशिव काका इथेच राहतात ना? गल्ली गंधारच्या जुन्या कागदांवर मिळाली, घर मेलमधल्या गच्चीवरच्या टाकीवरून ओळखलं. मी प्रणिता. गंधार आणि मी... म्हणजे, आमचं लग्न झालंय.’

काकूंनी तिचा हात धरलाय, तो अजून सोडला नाही. पाणी मी दिलं.

आहे तो. बंगळूरला. दोनदा दवाखान्यात होता, आता घरी. फारसं बोलत नाही, स्वतःहून काही करत नाही. फक्त रविवारी सकाळी नऊला उठून लॅपटॉपसमोर बसतो. ती मेल मोठ्याने वाचते, विषय आणि संदर्भासकट. तो मान हलवतो. मग जेवतो. चार रविवार झाले, मेल नाही. परवा संध्याकाळपर्यंत उठलाच नाही तिथून. काल त्याने जेवण सोडलं.

‘काका बरे आहेत ना?’ तिने विचारलं. ‘तो एकच वाक्य बोलला. बाबा गेले का, म्हणून.’

काका बाथरूममध्ये आहेत. काकू मला म्हणतायत, ‘सर्जा, तू सांग त्यांना. माझ्याने नाही व्हायचं.’

नळ बंद झाला.